जेठीचा अंगठा, माझी सही

हे सगळंच्या सगळं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा मला विदुषी समजतच गेला — आणि मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, तर जरा बसा. मला मात्र एका जागी बसवत नाही; दोन ओळी लिहिते, उठते, गॅसवर काही नसताना गॅस बघून येते.

डहाणूच्या एका कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवायची. तेव्हाची मी तुम्ही बघायला हवी होती! कडक इस्त्रीची साडी, नावामागे डॉक्टर, आणि नाक इतकं वर की पायाखालची रोपं दिसावीत तरी कशी? ती दिसायची जेठीला — कासा गावच्या बाजारात रानभाज्या विकायला बसणाऱ्या, जवळच्याच एका पाड्यावरच्या बाईला. विषारी कडूकंद खाण्याजोगा कसा करायचा, हे तिनं मला दोन पावसाळे शिकवलं. चकत्या किती पातळ, राख कुठल्या लाकडाची, वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या. मी लिहून घेतलं, लॅबमध्ये तपासलं. तिचं सगळं बरोबर निघालं. मग मी लेख लिहिला — इंग्रजीत, अर्थातच. जेठीला म्हटलं, दोघींचं नाव येईल. खोटं नव्हतं ते. तेव्हा नव्हतं.

परदेशातल्या एका जर्नलनं लेख घेतला आणि कॉपीराइटचा फॉर्म धाडला: लेखाचे हक्क आम्हाला द्या, सगळ्या लेखकांनी सह्या करा. जेठी जीपनं डहाणूला आली. सही येत नव्हती. स्टाफरूममध्ये स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवून तो कागदावर उमटवला आणि विचारते कशी, "बाय, सरळ आला का गं? वाकडा असला तर ते लोक परत धाडतील."

"मस्त आलाय," मी म्हटलं. तिचं बोट स्पिरिटनं पुसून दिलं, चहा पाजला. एवढी चांगली होते मी!

आणि ती गेल्यावर — लिहू ना? — लिहितेच. तो फॉर्म मी फाडला.

कुणी सांगितलं नव्हतं. लाज वाटली. तिकडचे संपादक लिफाफा उघडतील, डॉक्टरीणबाईंच्या सहीशेजारी निळा अंगठा बघतील — काय म्हणतील? काय म्हणणार होते? दुसऱ्या कोऱ्या फॉर्मवर 'एकमेव लेखिका' या चौकोनात मी खूण केली आणि अशी लफ्फेदार सही ठोकली, की कागद फाटायचाच राहिला. आभारात जेठीला 'स्थानिक माहितगार' म्हटलं. जणू मी तिला बसची वेळ विचारली होती!

लेख छापून आला तो कुलपातच. वर्गणी भरणाऱ्या विद्यापीठांनाच वाचता येई. ज्ञान असं कोंडून ठेवतात का हो, म्हणून मी स्टाफरूममध्ये तावातावानं बोलायची, आणि मनातून त्या कुलपाला हात जोडायची. पाड्यावरचं कोण उघडणार होतं ते? जेठीनं एकदा बाजारात विचारलं, माझं नाव कुठंशी? मी पिशवीतून छापील प्रत काढून आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून हळूच हात फिरवला.

पुढं जेठी वारली. गेल्या वर्षी तिची नात, सुनीता, डहाणूजवळ मसोलीला माझ्या दारात उभी. तलासरीकडच्या आश्रमशाळेत शिकवते. आजीच्या कडूकंदाचा लेख तिला मराठीत आणि वारलीत छापून मुलांना वाटायचा होता. म्हातारी माणसं चाललीत, मुलांना कंद ओळखता येत नाही, म्हणाली. मी सुस्कारा सोडला — मला छान येतो — आणि म्हटलं, "कॉपीराइट त्यांच्याकडे गं. माझे हात बांधलेत."

"जाऊ द्या बाई, तुमचा काय दोष?"

आणि खरं काय होतं? त्याच जर्नलचा मेल तेव्हाच चार महिने माझ्या फोनमध्ये पडून होता. जुने लेख सगळ्यांसाठी खुले करतोय, तुमचा होकार कळवा. मग कुणीही छापावं, भाषांतर करावं, फुकट वाटावं. फक्त लेखकांची नावं बरोबर आहेत, एवढं लिहून द्या. एवढंच! मी चहा करून दिला सुनीताला.

गेल्या आठवड्यात होकार पाठवला. नावं चुकीची आहेत, पहिलं जेठीचं हवं, हेही कळवलं. मग सुनीताला फोन लावला आणि फाडलेल्या फॉर्मपासून दडवलेल्या मेलपर्यंत सगळं सांगितलं. तिनं पोरांच्या गलक्यातून बाजूला जाऊन ऐकलं. मग म्हणाली, "आजीचं नाव आम्ही छापूच. तुमचं घालायचं की नाही, ते पाड्यावर विचारते."

खुल्या केलेल्या लेखालाही एक अट असते — भाषांतर केलं तरी मूळ लेखावर ज्यांची नावं आहेत, ती द्यावीच लागतात, म्हणजे माझंही. मेलमध्ये स्पष्ट लिहिलंय. ते मी तिला सांगितलेलं नाही; पाड्यावर काय ते ठरू दे.