तलावाच्या पाळीवर बाबांना सांभाळणारी बाई

मंडळी, आमगावच्या चर्चमधून दुपारी परतले, पण मन अजून तिथेच आहे.

आज माझ्या तान्ह्या मुलीचं समर्पण, म्हणजे बाळाला देवाच्या हाती सोपवायचा विधी होता. पाळकांनी प्रार्थना केली आणि बाबांची थोरली बहीण, माझी शहात्तर वर्षांची आत्या, बोलायला उठली. १९५५ च्या सुमारास चिचगडजवळच्या आमच्या गावी आजी-आजोबांचा बाप्तिस्मा झाला, तो तिने पाच-सहा वर्षांची असताना डोळ्यांनी पाहिला होता.

बाप्तिस्म्याला पाण्यात पूर्ण बुडावं लागतं, आणि उन्हाळ्यात तेवढं पाणी फक्त गावच्या तलावात होतं. ख्रिस्ती होणार म्हणून नातेवाइकांनी बोलणं टाकलं होतं, त्यामुळे कोणीच आलं नव्हतं. दोघांना एकत्रच बाप्तिस्मा घ्यायचा होता; आजोबा पाळकांसोबत पाण्यात उतरले. आजी मात्र तीन महिन्यांच्या बाबांना घेऊन बांधाच्या पाळीवरच थांबली, कारण आत्या स्वतःच लहान, मग बाळ द्यायचं कोणाजवळ?

तेवढ्यात ज्यांनी तो तलाव बांधला, त्या हिंदू शेतकरी घरची बाई आली. आता ही हाकलणार, असं आजीला वाटलं.

"काऊन उभी राहून राहिली?" ती म्हणाली. "पोराले दे माह्याजवळ, आन जाय तू."

आजी ओली होऊन बाहेर येईपर्यंत ती बाळाला पदराखाली धरून उन्हात उभी राहिली.

सत्तरीतल्या बाबांना हे आजच कळलं. त्यांनी आत्याला हळूच विचारलं, "ताई, तिचं नाव काय होतं?"

"नाव कोनी इचारलंच नाही रे," आत्या म्हणाली.



तुमच्या घरच्यांना असं कोणी सांभाळलं होतं का? त्यांचं नाव माहीत आहे?