भाताचे सर्व प्रकार

आमचे हे पुण्यात संस्कृत शिकवतात आणि बरीच वर्षं एका शब्दाच्या पाठीमागे लागलेले आहेत. शब्द रोजच्या जेवणातला, इंग्रजीतला ‘राईस’. यांचं म्हणणं असं की आपला संस्कृत ‘व्रीहि’ एके काळी घराबाहेर पडला, इराणात ‘बिरिंज’ झाला, ग्रीकांकडे ‘ओरिझा’, अरबांकडे ‘रुझ्झ’, मग स्पेनमध्ये ‘आर्रोस’, इटलीत ‘रीझो’ आणि शेवटी साहेबाच्या तोंडी ‘राईस’. म्हणजे सगळं जग जेवायला बसतं ते आपल्याच पाटावर. मद्रासकडच्या एका विद्वानांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ग्रीकांनी तमिळ ‘अरिसि’ जहाजात घातला आणि तोच पुढे पोचला. या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण आमच्याकडे जेवताना त्या गृहस्थांचं नाव काढायची सोय नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर यांच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण छापखान्यात जुळून तयार होतं आणि नेमकं तेव्हा यांना कोण्या जुन्या पाद्र्यानं केलेली गोंडी शब्दांची यादी सापडली. तीत ‘वंजी’ असा एक शब्द होता आणि अर्थाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. हे दोन दिवस जेवले नाहीत. जंगलातली माणसं शेतातल्या भाताला जर व्रीहि-बिरिंजशी एवढं जुळणारं वंजी म्हणत असतील, तर आपला व्रीहि हा घरचा मुलगा की दत्तक घेतलेला, असा प्रश्न उभा राहत होता, आणि पहिलं प्रकरण तर त्याच्या कुळावरच उभं होतं. अर्थ तो नाही अशी यांची खात्री होती. ती पक्की करायला आम्ही निघालो.

नागपूरच्या एका स्नेह्यांनी चोरखमारा तलावाजवळच्या गावातल्या पटलेजींचं नाव दिलं. मोठे धानवाले, पोवार समाजाचे, आल्यागेल्याचं करणारे. यांनी त्यांना कार्ड टाकलं, ‘आपल्याकडील भाताचे सर्व प्रकार पाहण्याची इच्छा आहे. गोंड मंडळींकडील भातही पाहावयास मिळाल्यास उपकार होतील.’ हे कार्ड मी वाचलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आम्ही दोघंही पुण्याचे.

जाणाऱ्यांनी कल्याणला गाडी बदलावी आणि नागपूरनंतर खिडकीची बाजू सोडू नये. भंडारा रोड मागे पडला की दोन्ही अंगांना कापलेली शेतं लागतात, त्यांत पाण्याची डबकी आणि डबक्यांत बगळे. पटलेजींच्या गावाचं स्टेशन तिरोडा, पण आम्ही तिथे न उतरता आधी गोंदियाला गेलो, कारण यांना तिथल्या राईस मिली पाहायच्या होत्या. गावभर कोंड्याचा वास आणि तोंडोतोंडी हिंदी. स्टेशनाबाहेर पोहे झकास मिळतात. पैसे देताना मात्र जुने आणे की नवे पैसे यावर दुकानदाराशी थोडी चर्चा करायची तयारी ठेवावी. एका मिलच्या मुनीमजींनी यांना विचारलं, चावल पाहिजे की धान. हे म्हणाले, मला शब्द पाहिजे. मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं.

“शब्द हमारे यहाँ नहीं मिलता जी,” ते म्हणाले. “बाजार में देख लीजिए.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं तिरोडा. तिथे पटलेजींची बैलांची दमणी उभी होती, आत गवत, गवतावर सतरंजी. रस्ता कच्चा आहे आणि हाडांची परीक्षा घेतो, पण तलाव दिसला की माणूस कंबर विसरतं. एवढं पाणी मी समुद्र सोडून कुठे पाहिलं नव्हतं. यांचंही तिकडे लक्ष गेलं असावं, कारण ‘जलाशय’ असं काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा मद्रासकरांकडे वळले.

पटलेजी साठीचे, पांढऱ्या धोतरातले, फार गोड माणूस. पाय धुवायला पाणी येण्याआधी त्यांनी आम्हाला सांगितलं की त्यांचे पूर्वज माळव्यातून आले. चहा पिताना सांगितलं की येताना ते नांगर घेऊन आले. पान खाताना असं निघालं की या मुलखात धानही त्यांनीच आणलं. हे म्हणाले, त्याआधी इथे काही पिकत असेलच की. पटलेजी म्हणाले, पिकत असंल, पण त्याले धान नाई म्हणत. मला हे संभाषण ओळखीचं वाटत होतं. आमच्याकडे नांगराच्या जागी व्याकरण असतं एवढंच. प्रांताचं विचारलं तर हसून म्हणाले की परवापर्यंत मध्य प्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आहोत, घर मात्र कोणी हलवलं नाही.

मग ते उठले आणि म्हणाले, “चला जी. भात तयार हाये.”

आम्हाला वाटलं शेताकडे निघालो. निघालो ते मागच्या आवाराकडे. तिथे पत्रावळींची रांग मांडली होती आणि रांगेपलीकडे गंज, पातेली, मडकी. प्रत्येकात भात. चिन्नोरचा सुवासिक भात, लुचईचा मोकळा भात, गुळाचा, ताकाचा, रात्रीचा पाण्यात घालून ठेवलेला बासी, लहान मुलांना देतात ती पेज. अर्धं गाव भिंतीला टेकून उभं होतं.

“भात पाहाले कोनी एवढ्या दूरून काऊन येते, गाव चार दिवसांपासून हेच विचारून राहिला,” पटलेजी म्हणाले. “मी सांगतलं, विद्वान मानूस हाये. पाहू द्या.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे शेतात उभा तोही भात आणि ताटात वाढला तोही भात. या भागात शेतात धान, मिलीतून निघाला की तांदूळ, आणि भात म्हणजे फक्त शिजलेला. यांच्या कार्डाचा अर्थ पटलेजींनी आपल्या परीनं अगदी बरोबर लावला होता. यांना मात्र अजून उमगलं नव्हतं. पाहुणचाराची ही इथली पद्धत आहे अशा समजुतीनं ते मोठ्या उत्साहानं बसले आणि सगळे प्रकार जेवले. मीही जेवले. चिन्नोरचा भात एकदा खाल्ला की आपण इतकी वर्षं काय खात होतो असं वाटतं, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रांगेच्या टोकाला फगनीबाई नावाची एक गोंड बाई आपलं मडकं घेऊन बसली होती. पटलेजींनी तिला पाड्यावरून मुद्दाम बोलावलं होतं, कार्डात तसं लिहिलं होतं ना. यांनी गाडीत घोकलेलं गोंडी वाक्य काढलं आणि मडक्याकडे बोट दाखवून याला काय म्हणता असं विचारलं.

“गाटो,” फगनीबाई म्हणाली.

यांनी दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्यांदाही गाटोच. यांचा चेहरा लग्नात पाहिला होता त्यानंतर तसा उजळलेला मी त्या दिवशीच पाहिला. गाटो! व्रीहिशी काडीचा संबंध नाही. पहिलं प्रकरण बचावलं, मद्रासकर बसले घरी. त्या आनंदात यांनी पेज आणखी एकदा घेतली.

सकाळी पटलेजींच्या सुनेबरोबर मी खळ्यावर गेले. थंडी मरणाची असते, लोकरीचं काही तरी न्यावंच. कापलेल्या धानाचे पेंढ्यांनी रचलेले ढीग उभे होते, त्यांना तिथे पुंजणे म्हणतात, एकेक आमच्या माडीएवढा. फगनीबाई आणि आणखी दोघी पेंढ्या उतरवत होत्या आणि आपसांत गोंडीत बोलत होत्या. त्या बोलण्यात एक शब्द दोनतीनदा आला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. मी जवळ जाऊन विचारलं की वंजी म्हणजे काय.

फगनीबाईनं पेंढीतून एक लोंबी ओढली आणि माझ्या हातात दिली. “हे.”

“मग काल मडक्यात होतं ते?”

“थे गाटो. शिजलं का नाव बदलते ना, माय. तुमच्या तिकडं नाई बदलत का?”

नाही बदलत, मी म्हटलं. आमच्याकडे शेतातही भात आणि ताटातही भात.

तिला ते खरं वाटेना. तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि तिघी हसत सुटल्या. मग तिनं मला अगदी काळजीनं विचारलं, “मंग वाढनारीले कसं समजते, काय वाढाव थे?”

दुपारी निघालो. पटलेजींनी चिन्नोरच्या लोंब्यांची एक जुडी दारावर लावायला म्हणून दिली आणि व्रीहि का कोण तो, तो माळव्यातूनच गेला असेल असं बजावलं. दमणीत हे मोठ्यानं वाक्यं जुळवत होते, ‘प्रत्यक्ष शोधाअंती असे आढळले की’ वगैरे. मी जुडी मांडीवर घेऊन बसले होते. काही न बोलता पुण्याला पोचले असते तर ग्रंथ वेळेवर निघाला असता, यांची झोप शाबूत राहिली असती, आणि माझीही. पण उद्या कोणी दुसरा गोंडी जाणणारा उठला आणि यांना भर सभेत वंजीचा अर्थ सांगितला, तर? मला ते दिसायला लागलं. तलाव मागे पडायच्या आत मी सांगून टाकलं. कार्डातला भात, कालची रांग, आजचा पुंजणा, सगळं.

मी यांच्याकडे बघायचं टाळलं. बायकांची ऐकण्यात चूक झाली असेल, असं एक वाक्य येणार म्हणून मी तयारीत होते.

“गाडी वळवा,” ते हाकणाऱ्याला म्हणाले.

खळ्यावर पोचल्यावर यांनी या खेपेला लोंबीकडे बोट दाखवलं. फगनीबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, हिला सकाळी सांगितलं ते पुरलं नाही का म्हणून, आणि म्हणाली, “वंजी.” यांनी तिला वाकून नमस्कार केला. ती बिचारी संकोचून पुंजण्यामागे गेली. आमची पॅसेंजर अर्थातच चुकली. तिरोड्याच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत आम्ही शेंगा खाल्ल्या, आणि त्या पूर्ण वेळात हे एकच वाक्य बोलले, की शेंगा चांगल्या भाजल्या आहेत.

पुण्याला आल्यावर जुळलेलं प्रकरण यांनी मोडायला लावलं. छापखानेवाले जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्रीहि कुठून आला हे आपल्याला ठाऊक नाही, असं यांनी नव्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि मनाचा मोठेपणा असा की वंजीची हकिकत मद्रासलाही कळवली. उलट टपाली उत्तर आलं. गोंडी ही आमच्या तमिळच्याच कुळातली, तेव्हा शब्द आमचा हे आपण अखेर कबूल केलंत, अभिनंदन. पटलेजींचंही पत्र आलं, पुस्तकात माळव्याचा उल्लेख राहून जाऊ नये म्हणून. सगळेच जिंकले होते. आमच्याकडे तेवढे दोन आठवडे शांतता होती.

मग नव्या प्रकरणाची मुद्रितं आली. ती नेहमी मीच तपासते. तळटीप होती, ‘हा शब्द प्रथम एका सहप्रवाशाच्या कानी पडला.’ मी दोनदा वाचलं. खरं सांगते, मला रडूच आलं, आणि मग राग आला, आणि मग सात वाजले म्हणून स्वयंपाकाला लागले.

हे पानावर बसले. वरण घातलं, भाजी घातली. “भात वाढ,” हे म्हणाले.

मी दारावरची जुडी काढून आणली, लोंब्या तळहातावर चोळल्या आणि मूठभर दाणे, सालासकट, यांच्या पानात वाढले. चिन्नोरचे होते. वास छान येत होता.

यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या मुद्रितांकडे पाहिलं. विद्वान असले तरी मंद नाहीत. दाणे एकेक करून वाटीत काढले, एकही सांडू दिला नाही, आणि हात पुढे करून म्हणाले, “गाटो वाढ.”

मी वाढला. दुसऱ्या दिवशी मुद्रितं परत गेली तेव्हा सहप्रवाशावर काट मारलेली होती आणि तिथे दोन नावं होती, आधी फगनीबाईंचं, मग माझं. हा क्रम मी सांगितलेला.

आमच्या घरात आता शिजलेल्याला गाटो म्हणतात, मोलकरीणसुद्धा म्हणते. उद्या एखादा विद्वान पुण्यात आला आणि हा शब्द शनिवार पेठेत कुठून पोचला असं विचारू लागला, तर काय सांगायचं, असं मी परवा यांना विचारलं. यांनी घास गिळला आणि जराही न हसता म्हणाले, “संस्कृतातून.”