सभा सार्वभौम आहे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला थोडंफार ठाऊक असेल — एका घरात राहून काय लपतं? पण माझ्या तोंडून तिने ऐकलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल.

मुलुंडला आमची जुनी सोसायटी आहे. मी तिचा सेक्रेटरी. तळमजल्यावर मोघे सर राहतात. शाळेत त्यांनी मला नागरिकशास्त्र शिकवलं. या विषयाला मुलं जांभया द्यायची, पण सर एकेका शब्दावर अख्खा तास घालवायचे. 'सार्वभौम' हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. ज्याच्या वर दुसरं कोणी नाही, तो सार्वभौम — आम्ही पाठ करून मोकळे झालो. सर थांबले नाहीत. "वर कोणीच नाही ना? मग चूक झाली तर बोट कोणाकडे दाखवणार रे?" वर्गात एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

दर सव्वीस जानेवारीला आवारात झेंडावंदन झालं की सर संविधानाची उद्देशिका वाचायचे. त्याआधी राष्ट्रगीताचा सूर धरायच्या काकू, सरांच्या पत्नी. मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. घरात व्हीलचेअर आली. घर तळमजल्यावर, पण आवारात उतरायला चार पायऱ्या. सरांनी सत्तरी ओलांडलेली. खुर्ची उचलायला रोज कोणाला हाक मारायची? त्यांनी माझ्याकडे अर्ज दिला — पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधू द्या, खर्च मी करतो, हिला संध्याकाळी जरा बाहेर बसवता येईल.

पायऱ्यांच्या बाजूला माझी गाडी उभी असते.

मागे टाकीजवळ एक जागा रिकामी होती. नाही असं नाही. पण तिथे जांभळाचं झाड आहे, गाडीवर डाग पडतात. बस, एवढंच. याहून मोठं काही कारण असेल का, म्हणून मी पुष्कळ शोधलं. असायला नको का? काकू घरात कोंडल्या गेल्या, त्याला निदान मोठं कारण तरी असायला हवं.

मी नाही म्हटलं नाही. तोंडावर नाही म्हणायलाही थोडी हिंमत लागते. "सभेपुढे ठेवतो, सर," म्हणालो. आणि मग सभेच्या आधी — जिन्यात, गेटवर, दुधाच्या रांगेत — एकेकाला गाठून सांगत सुटलो की पालिका हरकत घेईल, नोटीस येईल, सगळेच लटकू. पालिकेत मी कोणालाही विचारलं नव्हतं. तिकडे फिरकलोही नव्हतो.

सभा आवारातच झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. काकूंची खिडकी आवारात उघडते. ती उघडीच होती. विषय निघाला तसे दुसऱ्या मजल्यावरचे शिंदे म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, रॅम्प झाला तर तुमची गाडी काय टेरेसवर चढवायची का?" सगळे हसले. मीही हसलो. म्हणजे सगळ्यांना कळत होतं — आणि तरी नोटिशीची भीती पुरली. रॅम्पच्या बाजूने हात वर झाला तो एकट्या सरांचा.

तो खाली घेत ते म्हणाले, "पालिकेचं पत्र आलंय का रे, सतीश?"

तेव्हा मी जे बोललो ते शब्द न् शब्द आठवतं. "पत्राचा प्रश्नच नाही, सर. सभा सार्वभौम आहे. सभेच्या वर मी कोण?"

लोकांनी माना डोलावल्या. एवढा मोठा शब्द आला की कोण वाद घालणार?

"म्हणजे पालिका नाही म्हणत नाहीये," सर सावकाश म्हणाले. "आपण म्हणतोय."

"सभा म्हणतेय, सर."

"बरं," म्हणाले, आणि बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते रागाने नव्हे. फळ्यावर चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं. अजून सुधारेल, अशा आशेने.

पुढच्या सव्वीस जानेवारीला राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा खिडकीतून काकूंचा आवाज येत होता. झटक्यानंतर शब्द उमटायचे नाहीत; नुसता सूर. तो मात्र पक्का. मग सरांनी उद्देशिकेचा कागद माझ्या हातात दिला. "या वेळी तू वाच." मी वाचली. 'सार्वभौम' या शब्दाशी माझा आवाज कापलाही नाही. ते मला अजून सहन होत नाही — कापायला नको होता?

त्यानंतर तरी विषय पुन्हा सभेत आणता आला असता. एका वाक्याचं काम होतं. पालिकेला मी विचारलंच नव्हतं — एवढंच वाक्य. मी ते बोललो नाही.

काकू त्याच वर्षी गेल्या. त्यांना बाहेर आणताना पुढचा एक खांदा माझा होता. सर दारात उभे होते. "सांभाळून रे," ते म्हणाले, "पायऱ्या आहेत." टोमणा नव्हता. काळजीनेच म्हणाले.

गाडी मी सकाळीच हलवली होती, शववाहिनीला वळायला जागा हवी म्हणून. मागे, जांभळाखाली लावली होती. संध्याकाळी पुसली, आणि परत आणून पायऱ्यांशेजारी उभी केली.