खाडीपल्याडचं निवडक

हरेश घरतचे हात मी, त्याचा मास्तर, तो पाचवीत असल्यापासून पाहत आलो. वर्गात ते एक तर बाकावर ताल धरत, नाहीतर कुणाच्या तरी तोंडावर बसत. एकदा पेन्सिलीवरून त्याने एका मुलाचा दात पाडला आणि संध्याकाळी स्वतःहून त्याच्या घरी जाऊन त्या मुलाच्या बापाचा मार खाऊन आला. धाकट्या भावेशला मात्र त्याने कधी बोट लावलं नाही. भावेशला कुणी ढकललं की दादा येणार, हे शिरढोणच्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं.

पुढे हरेश हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या गावच्या बेंजो पार्टीत ड्रम वाजवू लागला. मारामाऱ्या कमी झाल्या. थांबल्या असं नाही म्हणता येणार. विचुंब्याचा मितेश गिटार वाजवायचा, परदेशी रॉकचा वेडा. त्याने हरेशसकट चार पार्ट्यांतले चार उत्तम वादक फोडून 'खाडीपल्याड' नावाचा ग्रुप काढला. त्यांचं गाणं हळदीच्या चालीवर सुरू व्हायचं, मध्येच ताल बदलायचा, गिटार एकटीच कुठेतरी भटकून यायची आणि बऱ्याच वेळाने पहिली चाल परत सापडायची.

"आरं, पाय कुठं टाकाचा ते तरी सांगा," म्हातारे म्हणायचे. तरी बोलावणी येत राहिली.

बेंजोवाल्यांचा एक नियम आहे. हळदीत मारामारी झाली तर वाजवणं थांबवायचं नाही. वाद्यं थांबली की आरडाओरडा घराघरांत पोचतो, दोन्हीकडची भावकी धावून येते आणि चौघांचं भांडण गावाचं होतं. वाजत राहिलं तर निम्मे लोक नाचत राहतात.

उरणकडच्या एका हळदीत, दिवेलागणीला, नवऱ्याच्या मावसभावाला साधं नाचायचं गाणं हवं होतं. ग्रुपने बदललं नाही, म्हणून त्याने स्पीकरला लाथ घातली. स्पीकर आणि वायरी भावेशकडे असत. त्याने त्याला मागे सारलं. लगेच खुर्च्या उडाल्या. एकाचं डोकं फुटून रक्त हळदीच्या परातीत पडलं, दुसऱ्याला केसांना धरून खांबावर आपटत होते. कुणीतरी मांडवाचा लोखंडी पाइप उपसला. तो भावेशच्या तोंडावर बसला, मग पुन्हा बसला. भावेशने "दादा" म्हणून हाक मारली. त्याचा डावा डोळा गेला.

हरेश ड्रमवरून उठला नाही.

दवाखान्यात त्याने भावाला सांगितलं, "एवढ्या आवाजात तुझी हाक आयकूच आली नाय." भावेशने मान हलवली. तेव्हापासून रस्त्याने जाताना हरेश त्याच्या डाव्या बाजूने चालायचा, गाड्यांच्या आणि त्याच्या मध्ये.

ग्रुप मोडला. यंदा मितेशने त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढायचं ठरवलं आणि वेष्टनावर चार ओळी लिहायला मला घरी बोलावलं. पहिलं गाणं त्याच हळदीत वाजवताना रेकॉर्ड झालेलं होतं. इतकं चांगलं त्यांनी पुन्हा कधी वाजवलं नाही. मितेशने ते आदल्या दिवशी हरेशला ऐकवलं होतं.

मी बसलो असतानाच हरेश हातोडा घेऊन आला. पहिल्या घावात कॉम्प्युटरचा पडदा फुटला. मग त्याने हातोडा टाकून मितेशचा गळा धरला आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

"खोडून टाक ते गाणं."

"हरेशदादा, ती जागा बुजवतो मी. मागचे ठोके उचलून टाकतो, कुणाला कळणार नाही."

हरेशची पकड घट्ट झाली. मी त्याच्या मनगटाला लोंबकळलो, त्याला ते जाणवलंही नाही. मितेशचे ओठ काळे पडू लागले.

"सोड त्याला," दारातून भावेश म्हणाला. हरेश हातोडा घेऊन निघालेला पाहून तो मागोमाग आला होता. हात लगेच सुटले. "काय हाय त्या गाण्यात?"



"लाव," तो मितेशला म्हणाला.

मितेशने खोकत खोकत मोबाइलवर लावलं. वाद्यांमागे खुर्च्या मोडल्याचे आवाज, शिव्या, आणि मग "दादा". ड्रम थांबला. थोडाच वेळ, पण सगळ्या गाण्यात तेवढा एकदाच. मग दुप्पट जोराने सुरू झाला.

"म्हंजे तू आयकलास."

"आयकला."

"मंग?"

"मी उठलो असतो तर मुडदे पडले असते."

"पडू द्याचे व्हते."

भावेशने हातोडा उचलला. हरेशने न सांगता उजवा हात टेबलावर पसरून ठेवला. भावेश त्या हाताकडे बघत राहिला. मग हातोडा कोपऱ्यात फेकून त्याने मूठ हरेशच्या तोंडावर हाणली, एकदा, मग पुन्हा. हरेशच्या शर्टावर रक्त आणि दात एकत्रच आले. त्याने तोंडही बाजूला केलं नाही.

"ती जागा बुजवाची नाय," भावेश मितेशला म्हणाला. "हाय तशी जाऊ दे."

तो निघाला तसा हरेश सवयीने त्याच्या डाव्या बाजूला गेला. भावेशने त्याला कोपराने ढकललं आणि न दिसणाऱ्या बाजूचा खांदा भिंतीला आपटत तो एकटाच जिना उतरला.