सिफोनं खोडलेलं वाक्य

१८७९ साली इंग्रजांनी आफ्रिकी झुलू लोकांची घरं जाळली, गुरं हाकून नेली. नंतर त्याच मुलखात आपली गावं वसवली.

आज शहागंजच्या बाजारात नव्या घोंगड्यांचा वास आला आणि होस्टेलची खोली आठवली. तिथं माझा झुलू मित्र सिफो प्रबंधात लिहिलेलं वाक्य हिंदीत सांगत होता, 'आमचं गाव इंग्रजांनी ओसाड माळावर वसवलं.' मला भेटायला गंगापूरहून आलेला माझा मेंढपाळ बाप घोंगडी खांद्यावर घेऊन त्या गावातल्या कचेरीचा फोटो बघत होता.

"हितं आधी काय व्हतं?"

"खापरपणजोबांचा गुरांचा वाडा," सिफो हिंदीत म्हणाला.

"मग ओसाड कसं, पोरा? गुरं काय आभाळात बांधत व्हते?"

सिफोनं वाक्य खोडलं. मी मात्र तेव्हा बापाच्या प्रश्नावर नुसता हसलो, त्याची आज लाज वाटते.

तुमच्या गावाचा छापील इतिहास काढा. गाव वसण्याआधी तिथं जनावरं कोण चारत होतं, ते नावानिशी लिहा.