आठ नाताळांची बटणं

तिला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर अंगानं तशीच, वारा आला तर दाराला धरून उभी राहील अशी. दुसरं म्हणजे तिच्या एप्रनच्या कॉलरवर कायम पाच-सहा टाचण्या खोचलेल्या. घरी आली तरी काढायची विसरायची आणि नवरा प्रेमानं जवळ आला की ओरडून लांब व्हायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी ह्या माणसाला अक्कल काही आली नाही. आधी कॉलर बघावी, मग जवळ यावं, एवढं साधं.

टाचणी लाँड्रीच्या कारखान्यात होती. कपडे धुवायला नव्हे हो, खुणा करायला. आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे तपासायचे, डाग बघायचे, पांढऱ्या कापडाच्या बोटभर तुकड्यावर न जाणाऱ्या शाईनं नंबर घालायचा आणि तो तुकडा लाल दोऱ्यानं आतल्या बाजूला टाचायचा. तुटलं-फाटलं असेल तर शिवायचंही तिनंच. दिवसाला तीनशे कपडे हाताखालून जात. कोणाच्या कोटात कोणाच्या घराची किल्ली आहे, हे त्या गावात पोलिसांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पण तोंडाला कुलूप.

तिच्या मोठ्या वन्सं मात्र चारचौघांत सांगायच्या, "आमची टाचणी लाँड्रीत कपडे चोळते." हे म्हणताना त्या स्वतःचे हात असे पुसायच्या, जणू साबण त्यांनाच लागलाय. कोणती लाँड्री, तिथं नेमकं काय करतेस, हे त्यांनी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. हे लक्षात ठेवा. सगळं पुढं इथंच अडकलं.

त्या घरात नाताळच्या दुपारी जेवण झालं की सगळे मोठ्या टेबलाभोवती बसत आणि एकेकानं आपली भेट सगळ्यांसमोर उघडायची. सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांच्या दोन मुली, वन्सं आणि वन्संचे यजमान. टाचणीला एकूण आठ भेटी द्यायच्या असत. गेल्या वर्षी घरात पैशांची ओढाताण होती, म्हणून तिनं आपले दोन चांगले लोकरी स्वेटर उसवले, लोकर कारखान्याच्या वाफेवर धरून सरळ केली आणि दोन महिने बसून मफलर, टोप्या, हातमोजे विणले. सासूबाईंचा मफलर तर असा झाला होता की दुकानात मागायला गेलात तरी मिळणार नाही.

वन्संनी तो मफलर सासूबाईंच्या गळ्यातून उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर हिचा करडा स्वेटर. दोन स्वेटरांत आठ जणांचा नाताळ उरकला की हिनं."

सगळे हसले. दीर हसले, जाऊबाई तोंडावर रुमाल धरून हसल्या. ते चाललं असतं. पण टाचणीचा नवराही हसला. नंतर शपथा घेत होता, ठसका लागला होता म्हणून. महिनाभर त्याच्या डब्यात सुकी भाकरी आणि मीठ जात राहिलं, आणि ती शांतपणे विचारत राहिली, ठसका बरा आहे ना.

त्याच दिवशी वन्संनी नियम काढला. पुढच्या वर्षापासून जुनंपानं काही नको. प्रत्येकानं नवी कोरी, दुकानातली वस्तू आणायची आणि आत पावती ठेवायची, म्हणजे मापात बसली नाही तर बदलता येईल. पावत्या त्या स्वतः तपासणार. बदलायचं निमित्त हो. कोणी किती खर्च केला हे वाचून दाखवायची ती सोय होती.

आणि नेमकं त्याच वर्षी टाचणीच्या नवऱ्याच्या बेकरीच्या गाडीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

टाचणी रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं उन्हाळ्यातच सुरुवात केली. एक छत्रीवाला दुकान बंद करत होता, त्याच्याकडून सासऱ्यांची छत्री घेतली. सहा रुमालांचा एक संच घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, तीन पावत्या कर, दोन-दोन रुमालांच्या. तो म्हणाला, बाई, माझा कागद तुझ्या रुमालांपेक्षा महाग आहे. ती काउंटरला कोपर टेकून उभी राहिली आणि मागची रांग दारापर्यंत गेली, तेव्हा त्यानं दात ओठ खात तीन पावत्या फाडल्या. असे दीर, जाऊबाई आणि यजमान उरकले. जावेच्या मुलींना रंगीत पेन्सिली, एक डबा फोडून दोघींत. सासूबाईंना खरी लोकरी मोज्यांची जोडी, त्यात हात आखडला नाही. सात झाले. पैसे संपले. उरल्या वन्सं.

आणि वन्संना कमी किमतीचं दिलं, तर ती पावती टेबलावर मोठ्यानं वाचली जाणार हे ठरलेलं. तिला डोळ्यांसमोर ते दिसायचं, त्यांचा तो कागद उजेडाकडे धरणारा हात, आणि ते सगळं हसणं पुन्हा. कपड्यांना खुणा करता करता ती मनातल्या मनात वन्संनाच टाचून ठेवायची.

नाताळला बारा दिवस उरले असताना तिच्या टेबलावर एक कोट आला. गडद निळा, जाड, उंची कापड, पुढं सहा आणि बाह्यांना दोन अशी आठ बटणं, काळी, कडेला पितळी वळसा. तिनं सवयीनं बाहीच्या अस्तरात बोट घातलं आणि आतल्या शिवणीत तिला एक पांढरा तुकडा लागला. जुनी खूण. नंबर तिच्याच अक्षरातला, तीन वर्षांपूर्वीचा. मग तिला कोट आठवला. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा होता, दर वसंतात धुवायला यायचा. बाई गाव सोडून गेल्या तेव्हा घरातलं सामान विकून गेल्या होत्या.

तिनं कोटाला लावलेली कामाची चिठ्ठी बघितली. नाव वन्संचं.

आता गंमत अशी होती की वन्संनी कोट टाकला होता तो बड्या वस्तीतल्या काचेच्या दुकानात, जिथं काउंटरवर फुलदाणी असते आणि माणूस टाय लावून बोलतो. त्यांना वाटलं, ही उंची लाँड्री आणि टाचणीची ती कुठली तरी साधी. पण त्या दुकानामागं एक भिंत आणि झाडू सोडून काही नव्हतं. त्या गावातल्या चारही दुकानांचे कपडे संध्याकाळी गाडीत भरून ह्याच कारखान्यात, ह्याच टेबलावर यायचे. एकदा विचारलं असतं तरी कळलं असतं.

चिठ्ठीवर टायवाल्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं. कॉलरचा डाग काढणे. बाह्या दोन बोटं आखूड करणे. सर्व बटणं बदलणे, जुनी नकोत. भेट द्यायचा आहे, नव्यासारखा दिसावा, खूण काढून खोक्यात देणे.

बाह्या आखूड म्हणजे सासूबाईच. वन्संनी महिनाभर फोनवर डंका पिटला होता की आईला यंदा मी असा कोट घेतेय की तुम्ही सगळे बघत राहाल. नवा कोरा, पावतीसकट.

टाचणी इतकं हसली की कॉलरमधली एक टाचणी गळून पडली. इस्त्रीवाले काका पलीकडून बघत होते. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांचे डोळे लकाकले. म्हणाले, "कॉलरवर इस्त्री अंमळ जास्त ठेवू का? माझ्याकडून चूक झाली म्हणेन. निवृत्तीला दोनच महिने आहेत."

"नको," टाचणी म्हणाली. "हातातलं काम बिघडवणार नाही. आणि कोट सासूबाईंच्या अंगावर जाणार आहे. त्यांनी माझं काय केलंय?"

तिनं तो कोट असा केला की गाणाऱ्या बाईंनीसुद्धा ओळखला नसता. डाग गेला, बाह्या बसल्या, नवी बटणं एकाखाली एक अशी लागली की फूटपट्टी ठेवावी. जुन्या खुणेचा तुकडा तिनं जपून उसवला. आठ जुनी बटणं, ज्यांच्याबद्दल "नकोत" असं लिहून आलं होतं, ती एका रिकाम्या गोळ्यांच्या डबीत टाकली. नकोत म्हणजे ती कचऱ्यात जाणार, आणि कारखान्याच्या कचऱ्यातलं काय घरी न्यावं ह्याला कोणाची मनाई नव्हती. काम पुरं झाल्यावर ती चिठ्ठीही खिळ्यावरून उतरवून कचऱ्यातच जायची. तिनं ती घडी करून डबीवर ठेवली.

नाताळच्या दुपारी सगळं नेहमीसारखं झालं. वन्सं पावत्या गोळा करत होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. छत्रीची पावती वाचून म्हणाल्या, बंद होणाऱ्या दुकानातली वाटतं. रुमालांच्या तीन पावत्या एकीवर एक ठेवून म्हणाल्या, "एक संच आणि तीन माणसं. ह्या घरात हिशोब शिकावा तर टाचणीकडून." जाऊबाई हसायला लागल्या. टाचणीच्या नवऱ्यानं मात्र पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. शिकलं होतं ते पात्र.

मग सासूबाईंनी कोट उघडला. घातला. त्यांच्या खांद्यांवर तो असा बसला की म्हातारी दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. आरशासमोर जाऊन आल्या, परत गेल्या. वन्सं खुर्चीला मागं रेलून म्हणाल्या, पावती काय दाखवायची, आकडा बघून तुमचीच छाती दडपेल.

शेवटी उरली वन्संचीच भेट. छोटंसं खोकं, वर दुकानातल्यासारखी फीत. वन्संनी ते कानाशी हलवून बघितलं. आत काही खुळखुळलं. "अंगठी बिंगठी की काय गं?" म्हणाल्या आणि सगळ्यांकडे बघून डोळा घातला.

आत पातळ कागदात एक बटण होतं. काळं, कडेला पितळी वळसा. त्याखाली घडी केलेली पावती.

वन्संनी घडी उलगडली. टायवाल्याची गोल अक्षरं. त्यांचं स्वतःचं नाव. त्यांनी एकदा वाचलं, मग आईच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं, मग टाचणीकडे. चेहऱ्याचा रंग असा उतरला, जसा गरम पाण्यात घातलेल्या कच्च्या रंगाच्या कापडाचा उतरतो.

"काय आहे, वन्सं?" जाऊबाईंनी मान लांब केली.

"बटण," वन्सं म्हणाल्या.

"एकच?"

टाचणी शांतपणे टेबलावरचा चुरा गोळा करत होती. म्हणाली, "पावती नियमाप्रमाणे ठेवलीय, वन्सं. सगळ्यांच्या वाचल्यात, ही पण वाचा ना मोठ्यानं."

सासूबाई नव्या बटणांवरून बोट फिरवत होत्या, त्यांचं लक्षच नव्हतं. वन्संनी चिठ्ठी चार वेळा घडी घातली, इतकी की ती बटणाएवढी झाली, आणि मुठीत घेतली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली अशी... एकेक मिळतात. महाग असतात."

वन्संच्या यजमानांनी बटण हातात घेऊन बघितलं, कुठल्याशा मोठ्या दुकानातलं असावं अशा अदबीनं, आणि परत दिलं.

भांडी उचलताना वन्संनी टाचणीला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज खाली. "आईला सांगणार आहेस?"

"नाही. त्यांना किती आवडलाय ते दिसतंय ना?"

"मग काय हवंय तुला?"

"काही नको हो. भेट दिली मी तुम्हाला." टाचणीनं ताट पुसून रॅकवर ठेवलं. "आठ होती. एक दिलं. उरलेली सात पुढच्या सात नाताळांना. आमच्या गाडीच्या फेऱ्या कमी झाल्यात, तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या भेटीची काळजी मिटली बघा माझी."

"आणि पावत्यांचं?"

"ते तुम्ही काढलंत. तुम्हीच बघा."

वन्सं बाहेर गेल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि कोणी न विचारता म्हणाल्या की पुढच्या वर्षापासून पावती-बिवती नको, प्रेमानं दिलेलं जुनंही चालतं, घरी विणलेलं तर सगळ्यांत चांगलं. जाऊबाईंचा जबडा उघडा राहिला. सासरे म्हणाले, मुलीला ताप आलाय का बघा.

त्याला आता पाच वर्षं होत आली. दर नाताळला वन्संच्या खोक्यात एक बटण असतं. वरची फीत बदलते, बटण तेच. पाच नाताळ, पाच बटणं. मुली तर आता विचारतातही, ह्या वर्षी आत्याचं बटण कसं असेल. वन्सं उघडतात, हसतात आणि बटण पर्समध्ये टाकतात. मधल्या काळात कधी त्यांच्या तोंडून "आमची टाचणी लाँड्रीत" एवढं निघालं, तर टाचणी फक्त आपल्या ब्लाउजच्या वरच्या बटणाला हात लावते. वाक्य तिथंच थांबतं. गेल्या महिन्यात एका शेजारणीला वन्संनी सांगितलं म्हणे, आमची भावजय ड्रायक्लीनच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

डबीत अजून तीन बटणं आहेत. परवा नवऱ्यानं डबी हलवून विचारलं, ही संपली की काय देशील? टाचणीनं डबी त्याच्या हातातून घेतली आणि तळाचा कागद वर केला. खाली पांढऱ्या कापडाचा तुकडा होता, बोटभर, लाल दोऱ्याचं एक टोक अजून लोंबत असलेला, आणि त्यावर तिच्याच अक्षरातला नंबर.

"नववं वर्ष," ती म्हणाली आणि झाकण लावलं.