गेटापर्यंतची नोकरी

नोकरी असताना लोक जेवढ्या नेमाने कामावर जातात, त्याहून अधिक नेमाने नोकरी गेल्यावर कामावर जाणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो विद्यानगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. सकाळी इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, सायकलला जेवणाचा डबा लावून ते फॅक्टरीकडे निघत. गेटाशी पोचले की वॉचमनला विचारत, "क्यों मियाँ, आज भी नक्को?" तो म्हातारा वॉचमन मान खाली घालून म्हणे, "नक्को चाचा, ऑर्डर नै आया." "नै आया तो नै आया. कल आतूँ," असं म्हणून काका समोरच्या चिंचेखाली बसत, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की डबा खात आणि घरी येत. भोंग्याआधी डबा उघडला असं कधी झालं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

नोकरी गेली तीही त्यांच्या स्वभावामुळेच. देशाची दारं उघडली म्हणून पेपरात मोठमोठे मथळे येत होते त्या दिवसांत काकांच्या फॅक्टरीचं दार मात्र त्यांच्यावर बंद झालं. नवे मालक आले, नवी यंत्रं येणार म्हणाले, आणि जुन्या कामगारांना एकेक मिठाईचा डबा आणि त्यासोबत स्वखुशीच्या राजीनाम्याचा छापील कागद वाटला. बाकीच्यांनी सह्या केल्या. काकांनी मिठाई तिथंच उभ्याउभ्या संपवली, वाखाणली, आणि कागद परत दिला. "मिठाई मायेनं दिली असंल असं समजून खाल्ली. कागदात माया दिसली नाही," असं ते साहेबाला म्हणाले. साहेबाने उर्मटपणाचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं. वीस वर्षं लेथ मशीन चालवलेला माणूस एका बर्फीपायी रस्त्यावर आला, असं काकू म्हणायच्या, पण म्हणताना त्यांना हसू आवरायचं नाही.

काकांनी कामगार न्यायालयात दावा लावला. भरपाई घेऊन मोकळे व्हा, असं सगळ्यांनी सुचवलं. त्यांना आत जायचं होतं, आपल्या मशीनपाशी. वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, गेटावर जात राहा, नाहीतर कंपनी म्हणेल याने आपणहून काम सोडलं. दोन, निकाल लागेपर्यंत दुसरीकडे कमाई करू नका, नाहीतर मागचा पगार मागताना तेच पुढे करतील. वकीलसाहेब हे बोलून विसरले असतील. काकांनी त्याचं व्रत केलं.

आता झालं असं, की हाताला काम नसलं तर काकांना अन्न गोड लागत नसे. मग त्यांनी अख्ख्या गल्लीचे पंखे, मिक्सर, कुकर आणि कुरकुरणाऱ्या खुर्च्या फुकट दुरुस्त करायला घेतल्या. फुकट म्हणजे किती फुकट? चहासुद्धा नाही. आमचा बैठकीतला पंखा त्यांनी पार खोलून नव्यासारखा केला, तेव्हा आई बेसनाचा लाडू घेऊन आली. काकांनी बशीकडे साप पाहावा तसं पाहिलं. "वहिनी, हे मायेचं हाय का मजुरीचं?"

"अहो भाऊजी, लाडू आहे तो!"

"पंखा नीट झाला नसता तर दिला असता का? नक्को. काही बिघडलेलं नसंल त्या दिवशी द्या."

पण आमच्या घरात काही बिघडलेलं नाही असा दिवस उगवेल तर ना! लाडू राहूनच गेला. काकू ब्लाउज शिवून संसार ओढत होत्या. त्यांच्या मशीनला काका आनंदाने तेल घालत, पण दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात तयार ब्लाउज देत नसत; तो धंदा झाला असता. सही करण्याचा तर त्यांनी असा धसका घेतला होता की गॅसच्या पावतीवर आणि मुलीच्या प्रगतिपुस्तकावरही ते "निषेधासह स्वीकारले" असं लिहीत. गणितातले गुण पाहता प्रगतिपुस्तकाच्या बाबतीत ते योग्यच होतं.

उलटतपासणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कोर्टात गेलो होतो. कंपनीच्या वकिलाला कुठून तरी गल्लीतल्या दुरुस्त्यांची खबर लागली होती. त्याने जाळं टाकलं, "इतक्या घरची कामं करता, त्यातून तुम्हाला काहीच मिळत नाही?" एवढी वर्षं सांभाळलेलं सगळं एका उत्तरात जाणार असं मला वाटलं. काका जरासे विचारात पडले आणि म्हणाले, "मिळतं की साहेब. पंखा फिरतो." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला त्या क्षणी काकांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

निकाल लागला तेव्हा काकांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्यांना कामावर परत घ्या, असा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी गल्ली त्यांना निरोप द्यायला उभी राहिली. काका नेहमीसारखेच सायकलवर टांग टाकून गेले.

संध्याकाळी ते वर आले, हत्यारांच्या पिशवीशिवाय. "वहिनी, आज काही बिघडलंय का?"

आईने मिक्सरकडे पाठ केली. "काही नाही, भाऊजी."

"मग लाडू द्या."

काका सावकाश खात बसले. मशीन कशी आहे, मी विचारलं. "मशीन उचलून नेली की रे. फरशीवर तिच्या पायांची चार भोकं तेवढी हायत. साहेबानं तिथं खुर्ची दिली. मी आधी जागा झाडून घेतली." मग त्यांनी दुसरा लाडू उचलला आणि रुमालात बांधला. "मियाँसाठी. आज गेट उघडताना रडला म्हातारा. उद्या कामावर जाताना देतो."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरातलं सगळं आम्ही बदललं, पण बैठकीतल्या पंख्याला आई हात लावू देत नाही. तो फिरायला लागला की मला काकांची फार आठवण येते.